सिमोन वेय : तीन दिवसांची चर्चा आणि एक कायदा

२६ नोव्हेंबर १९७४. पॅरिसमधल्या राष्ट्रीय सभेत आरोग्यमंत्री सिमोन वेय भाषणाला उभ्या राहतात. सभागृहात ४८१ पुरुष आणि ९ स्त्रिया. विषय गर्भपाताचा. फ्रान्समध्ये तो तेव्हा फौजदारी गुन्हा होता, तरी वर्षाला तीन लाख गर्भपात होतात, असा आकडा वेय सभागृहापुढे ठेवतात. ऐपत असलेल्या बायका परदेशी जात. बाकीच्यांच्या वाट्याला चोरून केलेला, जिवावर बेतणारा इलाज येई.

वेय १९५६ साली परीक्षा देऊन न्यायखात्यात आल्या. तुरुंग प्रशासनात त्यांनी बरीच वर्षं काम केलं होतं. विधेयकातली जवळपास प्रत्येक अट त्यांनी मतांचा हिशेब करून घातली. गर्भपाताला मुभा दहाव्या आठवड्यापर्यंत. आधी डॉक्टरची भेट, मग समुपदेशन, पहिल्या विनंतीनंतर आठवडाभर थांबायचं आणि त्यानंतर ती विनंती पुन्हा लेखी द्यायची. गर्भपात डॉक्टरनेच करायचा, तोही रुग्णालयात. मनाला पटत नसेल तर डॉक्टरला नकाराची मोकळीक. कायद्याची मुदत फक्त पाच वर्षं. पण या सगळ्यात गाभ्याची गोष्ट शाबूत राहिली: शेवटचा निर्णय त्या स्त्रीचा. आपण खरोखर अडचणीत आहोत हे तिने कुणापुढे सिद्ध करायचं नव्हतं.

चर्चेत एका खासदाराने भ्रूण भट्टीत टाकण्याची भाषा केली. वेय यांच्या हातावर ७८६५१ हा क्रमांक गोंदलेला होता. नीस शहरात मार्च १९४४ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यांना ज्यू म्हणून अटक झाली आणि ऑशविट्झला, नाझींच्या मृत्युछावणीत, धाडण्यात आलं. तो क्रमांक तिथलाच. आई बर्गन-बेल्सनच्या छावणीत टायफसने गेली. वडील आणि भाऊ परतलेच नाहीत.

२९ नोव्हेंबरच्या पहाटे मतदान झालं: बाजूने २८४, विरोधात १८९. सत्ताधारी बाजूच्या बहुतेकांनी आपल्याच मंत्र्याची साथ सोडली होती. विधेयक तरलं ते समाजवादी आणि कम्युनिस्ट खासदारांच्या मतांवर.

अंमलबजावणी अडखळली, आणि ती याच तडजोडींपायी. विभागप्रमुखच नकार देत, तेव्हा त्या रुग्णालयाचं दार बंद होई. खर्च सामाजिक विम्यातून मिळत नव्हता. तो मिळायला १९८२ उजाडलं. दहा आठवडे उलटून गेलेल्या बायका परदेशी जातच राहिल्या.

१९७९ च्या अखेरीस कायदा कायमचा झाला. त्याच वर्षी जुलैत वेय थेट मतदानाने निवडून आलेल्या पहिल्या युरोपीय संसदेच्या अध्यक्ष झाल्या होत्या. पुढे घटना परिषद, म्हणजे कायदे राज्यघटनेला धरून आहेत का ते पाहणारी संस्था, मग फ्रेंच भाषेची मानाची संस्था असलेली फ्रेंच अकादमी. अकादमीच्या सदस्याला मिळणाऱ्या तलवारीवर त्यांनी ७८६५१ हाच आकडा कोरून घेतला. २०१७ साली त्यांचं निधन झालं आणि वर्षभराने, पती आंत्वान यांच्यासह, त्यांना पँथिऑनमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या थोरांच्या समाधिस्थळात, चिरविश्रांती मिळाली.

आठवडाभर थांबण्याची अट २०१६ मध्ये गेली. गर्भपाताची मुदत २०२२ पासून चौदा आठवडे आहे. ४ मार्च २०२४ रोजी हे स्वातंत्र्य फ्रान्सच्या राज्यघटनेत लिहिलं गेलं. डॉक्टरला नकाराची मोकळीक देणारी तरतूद मात्र अजून कायद्यात आहे.