अर्ध्या सुताचा फरक

पडद्यावर दिसणारी ही फळी सांगलीतल्या एका जुन्या घराच्या मागच्या दाराची आहे. सागवानी दार उतरवले गेले, तेव्हा त्याची एक फळी घरातल्या बावीस वर्षांच्या मुलाने बाजूला ठेवली आणि तीन महिने संध्याकाळी खपून तिच्यातून इलेक्ट्रिक गिटार घडवली. आकार त्याने स्वतः कागदावर काढला, पिकअपची, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकांची, घरे पटाशीने खोदली आणि पॉलिशचे सात हात दिले. मेपल लाकडाची, वर शिसवीची पट्टी बसवलेली मान, जिला वादक सरसकट नेक म्हणतात, ती मात्र तयार विकत आणली. आम्ही कॅमेरा घेऊन पोहोचलो तेव्हा गिटार पूर्ण झालेली होती, तारा चढलेल्या होत्या आणि सर्वांत बारीक तार एकविसाव्या फ्रेटजवळ, म्हणजे नेकवरच्या एकविसाव्या आडव्या धातूच्या पट्टीजवळ, नेकच्या कडेवरून खाली घसरत होती.

आता ही तार जवळून पाहा. बाराव्या फ्रेटपाशी जाड तार आणि नेकची वरची कड यांत साडेपाच मिलिमीटर अंतर आहे, तर बारीक तार आणि खालची कड यांत जेमतेम दीड. ही दोन्ही अंतरे साधारण सारखी, म्हणजे साडेतीन-साडेतीन, हवी होती. तारा नटपासून, म्हणजे नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत, म्हणजे फळीवर त्या जिथे टेकतात त्या आधारापर्यंत, सरळच जातात, कारण ताणलेली तार दुसरे काही करूच शकत नाही, आणि म्हणून तिरके जे काही आहे ते तिच्याखालचे लाकूड आहे. नेकची मध्यरेषा पुढे वाढवून ब्रिजपर्यंत नेली तर ती ब्रिजच्या मध्यापासून चार मिलिमीटर वर, जाड तारेच्या अंगाला जाते.

हे दोऱ्याने तपासता येते. शेजारचे मिस्त्रीकाका, ज्यांनी आयुष्यभर दारे, खिडक्या आणि देव्हारे केले, त्यांनी गिटार हातात घेतली आणि पहिल्यांदा ती बंदुकीसारखी डोळ्याला लावून नेकच्या डोक्याकडून ब्रिजकडे पाहिले. मग तारा उतरवून त्यांनी शिवणकामाचे दोन दोरे नटच्या दोन टोकांच्या खाचांतून ब्रिजच्या दोन टोकांपर्यंत ताणून बांधले. पांढऱ्या दोऱ्यांमुळे काळ्या शिसवीवर चूक अशी उघडी पडली, की मुलाला वेगळे काही सांगावे लागले नाही.

नेक ज्या चौकोनी खोबणीत बसते ती खोबण सुमारे ७६ मिलिमीटर लांब, ५६ रुंद आणि १६ खोल आहे. ब्रिजची जागा त्याने फळीवर आखलेल्या मध्यरेषेवरून धरली होती आणि खोबणीची जागा फळीच्या कडेवरून मोजली होती. कड सरळ असेल, असे त्याने गृहीत धरले. परंतु पावसाळ्यात फुगलेले दार चौकटीत अडकू लागले की घरोघरी त्याच्या कोपऱ्यावर रंधा मारला जातो, आणि या दारावर तो किती पावसाळे मारला गेला असेल, याची मोजदाद नाही. त्या कोपऱ्यातली कड उतरती झालेली होती. खोबणीच्या लांबीत हा उतार अर्ध्या सुताचा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटरचा भरला. कोनाच्या भाषेत तो सव्वा अंश होतो. पण एवढ्याने नेकचे नटकडचे टोक एक सेंटिमीटर खाली गेले.

अशा वेळी ब्रिज उचलून चार मिलिमीटर सरकवण्याचा सल्ला मुलाला अनेकांनी दिला होता. तसे केले की तारा नेकच्या मधोमध येतात खऱ्या, पण पिकअपच्या चुंबकांवरून त्या बाजूला सरकतात, जुनी भोके उघडी राहतात आणि चूक जिथे झाली ती जागा तशीच राहते. चूक खोबणीत असेल तर दुरुस्ती खोबणीतच व्हावी, हे मिस्त्रीकाकांचे म्हणणे आम्हाला पूर्णपणे पटले, आणि पुढचे सगळे चित्रण त्याच कामाचे आहे.

काम सुरू करण्याआधी स्क्रूने बसवलेल्या या नेकविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फुलरटन या गावी, लिओ फेंडर हे रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवत होते. १९५० साली त्यांनी जी सलग लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, तिची नेक सरसाने चिकटवलेली नव्हती, तर चार स्क्रूंनी आवळलेली होती. फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत. परंतु दुरुस्तीसाठी येणारी वस्तू सहज खोलता आली पाहिजे, हे त्यांना दुकानातल्या अनुभवाने पक्के ठाऊक होते. खराब झालेली नेक काढावी आणि दुसरी लावावी, इतका साधा विचार त्या रचनेमागे होता. गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये आणलेल्या लेस पॉल गिटारची नेक चिकटवलेली असते. तिथे सव्वा अंशाची चूक दुरुस्त करायची तर वाफेने सांधा सोडवावा लागतो. सांगलीतल्या या पडवीत स्क्रूड्रायव्हरने जे काम होऊ शकले, ते त्या जुन्या निर्णयामुळे.

नेकवरची शिसवीची पट्टी कुठल्या झाडाची आहे, हे आम्ही तपासलेले नाही. मात्र गेली अनेक दशके जगभरच्या गिटारींना जी शिसवी लागते, तिचे झाड आपल्या सह्याद्रीतही वाढते. २०१७ मध्ये या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

पहिला प्रयत्न सर्वांत सोपा असतो. तारा चढवलेल्या ठेवून चारही स्क्रू अर्धा फेरा सैल करायचे, नेक हलक्या हाताने योग्य दिशेला ओढायची आणि पुन्हा आवळायचे. खोबणीत थोडी जागा असेल तर बहुतेक गिटारी एवढ्यावरच सुधारतात. इथे नेक घट्ट बसलेली होती, ती हलली नाही. घट्ट बसवणे हे चांगल्या हाताचेच लक्षण आहे; रेषा तेवढी चुकली होती.

आता पटाशी पाहा. जाड तारेच्या बाजूची भिंत खोबणीच्या तोंडाशी अर्धे सूत आणि आतल्या टोकाला शून्य, अशी उतरती तासायची आहे. मिस्त्रीकाकांनी आधी भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारून घेतली आणि रेघेच्या अलीकडेच थांबत, कागदासारख्या पातळ कपच्या काढल्या. सागवानाचा वास पडवीभर पसरला. प्रत्येक चार-पाच कपच्यांनंतर नेक खोबणीत ठेवून दोरा ताणला जात होता, आणि हे तासभर चालले. "घाई केलीस तर सागवान परत येत नाही, बाळा," असे ते एकदाच म्हणाले आणि पटाशी मुलाच्या हातात दिली.

समोरच्या भिंतीशी त्यामुळे मोकळी जागा पडली. ती भरण्यासाठी त्याच दाराच्या उरलेल्या तुकड्यातून एक पाचर काढली, तोंडाशी अर्धे सूत जाड आणि आत निमुळती. तिचे तंतू भिंतीच्या तंतूंच्याच दिशेने ठेवले, फेविकोल लावून शिकंज्यात आवळली. व्हिजिटिंग कार्डाचे तुकडे खुपसून हेच साधण्याची पद्धत सर्रास आहे. एखाद्या कार्यक्रमाची वेळ निभावून न्यायला ती ठीक, पण लाकडाला लाकूड भिडलेले असणे केव्हाही चांगले.

नेकमधली जुनी भोके हे खरे नाजूक प्रकरण होते. नेक फिरल्यावर नवी भोके जुन्यांपासून एक-दीड मिलिमीटरच्या आत पडतात, म्हणजे ड्रिलचे टोक घसरून जुन्याच भोकात शिरणार. त्यामुळे चारही भोके कठीण लाकडाच्या खुंट्यांनी बुजवणे भाग होते. क्वीन या बँडचे ब्रायन मे यांनी वडिलांच्या मदतीने १९६३ पासून घरी जी गिटार घडवली, तिची नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची आहे आणि त्यातली किडीची भोके त्यांनी काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली होती. तिथे भोक फक्त भरायचे होते. इथे त्यात पुन्हा स्क्रू धरायचा आहे, म्हणून काडी पुरणार नाही. मुलाने शिसवीच्या चार खुंट्या कानशीने गोल करून, सरस लावून ठोकल्या आणि गिटार रात्रभर तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशीच्या या दृश्यात ड्रिलच्या पात्याला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसते. पंचेचाळीस मिलिमीटरच्या स्क्रूपैकी नेकमध्ये सुमारे चौदा मिलिमीटरच जातात. पट्टीपाशी थांबले नाही तर पाते फ्रेटबोर्डकडे, म्हणजे वरच्या शिसवीच्या पट्टीकडे, जाते. बॉडीतली, म्हणजे सागवानी फळीतली, भोके स्क्रूपेक्षा किंचित मोठी करून घेतली, कारण स्क्रूच्या आट्यांनी फक्त नेक धरायची असते. त्या बॉडीतही रुतल्या तर दोन्ही लाकडे एकमेकांना कधीच पूर्ण भिडत नाहीत. मेणबत्तीवर घासलेले चारही स्क्रू कर्णाकर्णाने, थोडे थोडे आवळले गेले.

दोरे पुन्हा ताणले. दोन्ही बाजूंना साडेतीन मिलिमीटर. पाचरीची बारीक रेघ पॉलिशखाली अजून दिसते, आणि ती रंगाने झाकायची नाही, असे मुलाने ठरवले आहे. नव्या तारा चढल्या, सूर लागले. आता तो एकविसाव्या फ्रेटवर बारीक तार दाबून खाली ओढतो आहे.