आजीची डिप्रेशनची गोळी नातवाला अर्धी करून द्यायची का?

नमस्कार मंडळी. मालवणात माझं मेडिकल आहे. गणपतीला चाकरमानी गावी आले की काउंटरवर हमखास विचारतात, "आईला डिप्रेशनची एसिटालोप्राम गोळी चालू आहे, मुलगाही हल्ली गप्प असतो. त्याला त्यातलीच अर्धी देऊ?"

नका देऊ. वय बदललं की नुसता डोस बदलत नाही, धोकाही बदलतो.

मोठ्या माणसांना एसिटालोप्राम साधारण १० मिलिग्रॅमने सुरू करतात, जास्तीत जास्त २०. म्हातारपणी यकृत औषध सावकाश बाहेर टाकतं. म्हणून डॉक्टर बरेचदा ५ पासून सुरू करतात आणि १० वर थांबतात. त्याच जातीची सिटालोप्राम गोळी असेल तर साठीनंतर २० च्या वर जात नाहीत, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

आता सोडियमबद्दल नीट ऐका, कारण हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. या गोळ्यांनी वयस्कर माणसांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. सोबत बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर धोका आणखी. आजी असंबद्ध बोलते, तोल जातो, डोकं दुखतं. आपण म्हणतो, वय झालं. कुणी दृष्ट काढतं. अहो, आधी रक्त तपासा! आणि पेजेत मीठ वाढवून हे भागत नाही, डॉक्टरच लागतात.

मुलांचं वेगळं. अमेरिकेत डिप्रेशनसाठी फ्लुओक्सेटिनला ८ वर्षांपासून आणि एसिटालोप्रामला १२ वर्षांपासून मान्यता आहे. तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, २००४ मध्ये मुलांसाठी कडक इशारा छापायला लावला, २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला: सुरुवातीला किंवा डोस बदलताना काहींच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून औषध टाळायचं असं नाही. उपचाराविना राहिलेलं डिप्रेशनही जीवघेणं असतं. पण त्या आठवड्यांत पोराला एकटं सोडू नका. झोप उडाली, चिडचिड, तगमग वाढली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

पावसात घाट बंद झाला की मुंबईहून येणारी स्ट्रिप अडकते. आठ-दहा दिवसांच्या गोळ्या हाताशी ठेवा. अचानक बंद केल्यास चक्कर येते, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. एक चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

मनात जिवाचं बरंवाईट येत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.