पाटीभर वीज

(हर्णै बंदर, उतरती दुपार. मागे सुवर्णदुर्ग.)

होड्या आत पाण्यात नांगरलेल्या. बैलगाडी छातीभर पाण्यात शिरते, पाट्या भरून परत फिरते. वाळूवर ढीग लागले की पुकारा सुरू. कुणाची म्हावऱ्याची रास, कुणाची एकच पाटी. लिलावात दोघांनाही जागा आहे.

(बर्फाचा कारखाना, आतून.)

बंदराला बर्फ पुरवणारा हा कारखाना. मिठाच्या पाण्याची टाकी, तीत बुडवलेले पत्र्याचे डबे. एक लादी गोठायला दिवसाहून जास्त वेळ लागतो. बिलातली बहुतेक वीज खातो तो हा अमोनियाचा कॉम्प्रेसर. पण टाकी एकदा गार झाली की तो तासभर बंद ठेवला तरी लादीला काही होत नाही. म्हटलं तर ही बॅटरीच, खाऱ्या पाण्याची. वर पत्र्यावर सौर पॅनल आहेत. मालक दर आठवड्याला स्वतः शिडी लावून ती धुतात. खारा वारा काच पांढरी करतो.

(मीटरचा क्लोजअप. आकडे बदलतात.)

विजेचाही लिलाव होतो. भारतात वीज बाजार २००८ साली सुरू झाला. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा. १ जून २०२० पासून तर दर अर्ध्या तासाला नवा लिलाव लागतो. भरदुपारी सौर वीज मुबलक, भाव उतरतो, दिवेलागणीला चढतो. आवक-जावक कळणाऱ्या कुठल्याही कोळणीला हे समजवावं लागणार नाही.

(जुनी दृश्यं: आडवे खांब, मोडलेल्या पोफळी.)

अर्ध्या तासाचा लिलाव सुरू झाला, त्यानंतर दोनच दिवसांनी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं. दापोली-मंडणगडात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. ज्यांच्या घरांवर पॅनल शाबूत राहिली, त्यांच्याकडेही अंधारच. पॅनलची वीज लाइनला जोडणारा साधा, बॅटरी नसलेला ग्रिड इन्व्हर्टर लाइन गेली की आपणहून बंद पडतो; खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी तो नियम आहे आणि तो बरोबरच आहे.

(कौलारू घरं, ड्रोनमधून.)

त्याच वर्षी, १७ सप्टेंबरला, अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने आदेश क्रमांक २२२२ काढला. छतावरची सौर वीज, बॅटऱ्या, गरजेला बंद ठेवता येणारी यंत्रं यांची मोट बांधून ती घाऊक बाजारात उतरवायची, आणि १०० किलोवॅटच्या मोटेलाही दार बंद करायचं नाही. तीन किलोवॅटची चौतीस छतं म्हणजे ती मोट झाली. एवढी छतं एका वाडीत मोजून होतात.

आपल्याकडे २०२२च्या हरित मुक्त प्रवेश नियमांनी १०० किलोवॅटच्या ग्राहकाला वीज बाहेरून विकत घेण्याची वाट मोकळी केली. आधी ही अट एक मेगावॅटची होती. विकणाऱ्या छोट्याचं काय? नेट मीटरवरची, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज वळती करणाऱ्या मीटरवरची, उरलेली वीज वितरण कंपनीकडेच जमा होते. बाजार केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या अखत्यारीत, गावातली तार राज्याच्या आयोगाच्या. तेच युनिट बिलातही वळतं झालं आणि लिलावातही विकलं, असं होऊ नये. म्हणून दर १५ मिनिटांचं मोजमाप लागतं. मोट बांधणारा कोण, कबूल केलेली वीज कमी पडली तर भुर्दंड कुणाला, हेही लिहून ठेवावं लागतं. काम किचकट आहे, मान्य. पण पाटीला जागाच न देण्याचं ते कारण होऊ शकत नाही. अमेरिकेतही काही प्रदेशांनी तो आदेश लागू करण्याच्या मुदती पुढे ढकलून घेतल्या.

(कारखाना. संध्याकाळ.)

दिवेलागण. मालक कॉम्प्रेसर बंद करतात. संध्याकाळच्या तासांचा जादा दर चुकवायचा, एवढाच त्यांचा हिशोब. ग्रिडवरचा तेवढा भार हलका झाला, त्याला गिऱ्हाईक नाही.

(क्रशरचा आवाज. बर्फाचा चुरा पाट्यांत. बंदरावर पुकारा.)