रिकामी चौकट

कोल्हापुरात १२ मे रोजी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचं हे संपादित रूप.

मुलींनो, आणि मागच्या बाकांवरच्या मुलांनो, आत्ता तुम्ही हातात दिवे घेऊन शपथ घेतलीत. तिला नाव आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचं असलं तरी ती त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेत, डेट्रॉइटला ती लिहिली गेली. अपायकारक औषध देणार नाही, रुग्णाच्या घरच्या गोष्टी बाहेर बोलणार नाही, डॉक्टरांना निष्ठेनं साथ देईन, असं तीत आहे. मी ती म्हटली तेव्हा माझा गळा भरून आला होता. पण वॉर्डात माझी परीक्षा झाली ती शपथेत नसलेल्या गोष्टीवर. चार्टमधल्या चौकटीवर.

दुसऱ्या वर्षाला होते. नाइट ड्यूटी, पहाटेचे साडेपाच, आणि सहाच्या आत सगळ्यांचे टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास, चार्टमध्ये भरायचे होते. मी थर्मामीटर न लावताच सात जणींच्या रकान्यात ९८.४ लिहून टाकलं. त्यात गडहिंग्लजकडच्या एक आजी होत्या. डोळे मिटून पडल्या होत्या, झोपल्यात असं मी समजले. सकाळच्या सिस्टरांनी त्यांच्या कपाळाला हात लावला, तर अंग नुसतं भाजत होतं. आजी म्हणाल्या, "रातीपास्नं थंडी वाजतीया बाई. ही पोरगी लई पळत हुती, म्हून हाक मारली न्हाई." सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी थर्मामीटर माझ्या हातात दिला. १०३ ताप होता. मग माझ्या ९८.४ वर एकच रेघ मारायला लावली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी खरा आकडा, वेळ आणि सही. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही. मी पळत होते हे आजींनी पाहिलं होतं. त्यांना ताप होता हे मी पाहिलं नव्हतं.

आपण नाइटिंगेलबाईंचा दिवा मिरवतो आणि त्यांची वही विसरतो. क्रिमियाच्या युद्धात इस्पितळातल्या मृत्यूंच्या नोंदीसुद्धा धड नव्हत्या. बाई आकड्यांच्या मागे लागल्या, आणि सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच जास्त मेले हे त्यांनी १८५८ मध्ये आकृती काढून सरकारपुढे मांडलं.

आपल्याकडचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. मुंबईच्या केईएममधल्या आपल्या भगिनी अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली एकेचाळीस वर्षांहून जास्त तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं; त्यातल्या कितीतरी जणी हल्ल्याच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या. त्यांच्या दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ ला निकाल दिला, तेव्हा या सेवेची दखल घेतली, इतक्या वर्षांत एकही बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झालेली नाही हे नोंदवलं. दयामरणाच्या प्रश्नावर तुमचं मत काहीही असो, या एका वाक्यापाशी थांबा. "दर दोन तासांनी कूस बदलली" असं कुणालाही लिहिता येतं. पण ते खरं होतं की खोटं, हे माकडहाडावरची कातडी सांगते.

गुपितांबद्दल थोडंच बोलते. आपल्या भागात ओळख झाली की पहिला प्रश्न "गाव कुठलं?" हा असतो, आणि पुढच्या दोन वाक्यांत पावणंपण निघतं. म्हणून "सिस्टर, त्याचा रिपोर्ट काय आला?" असं आपल्याच गावच्या काकांनी विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच तसं सांगतो.

आता पुढच्या रांगेतल्या इन्चार्ज सिस्टरांसाठी. इन्शुलिनची चाळीसची आणि शंभरची भानगड तुम्हाला माहीत आहे: एका मिलीलीटरमध्ये चाळीस युनिटचं वेगळं, शंभरचं वेगळं, आणि सिरिंजही त्या-त्या हिशेबानं वेगळी. एका खासगी रुग्णालयात माझ्या हाताखालच्या मुलीनं शंभरच्या कार्ट्रिजमधलं इन्शुलिन चाळीसच्या, लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ओढलं. वीसच्या खुणेपर्यंत भरलं, म्हणजे पन्नास युनिट गेले. दहा मिनिटांत तिच्या लक्षात आलं आणि ती रडत माझ्याकडे आली. डॉक्टरांना फोन केला, साखर घसरू नये म्हणून डेक्स्ट्रोजचं (ग्लुकोजचं) सलाइन लावलं, रात्रभर अर्ध्या-अर्ध्या तासानं शुगर बघितली. पेशंट वाचला, कारण ती बोलली. तिला मेमो मिळाला, पगार कापला गेला. त्यानंतर कित्येक महिने त्या वॉर्डातून एकही चूक कळवली गेली नाही. चुका थांबल्या नव्हत्या. मला त्या मुलीसाठी आणखी भांडायला हवं होतं. मी भांडले नाही, याचं दुःख मला आहे. तुम्ही तुमच्या मुलींसाठी भांडा.

मुलींनो, तुम्ही म्हणाल, माणसंच नसतील तर करायचं काय? बरोबर आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी. रात्रीच्या वॉर्डात काय असतं, ते मी सांगायला नको. अशा वेळी वरून कोणीतरी म्हणतं, "भरून टाक." भरायचं नाही. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या १९५३ च्या संहितेत डॉक्टरांचे आदेश पाळणं हे कर्तव्य म्हणून लिहिलं होतं. १९७३ मध्ये ती बदलली, आणि परिचारिकेची पहिली जबाबदारी ज्याला सेवेची गरज आहे त्या माणसाची, असं ठरलं. जे घेतलं नाही, ते घेतलं नाही असंच लिहा. चौकट रिकामी ठेवा आणि खाली कारण द्या.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि आमची पुढची पाळी येऊच शकली नाही. वॉर्डात आम्ही तिघी उरलो, दोन दिवस. पहिल्या रात्री बाराचं बीपी सगळ्यांचं घेणं शक्य नव्हतं. ऑपरेशन झालेले आणि ऑक्सिजनवरचे आधी बघितले. उरलेल्या नऊ चौकटी मोकळ्या सोडल्या, खाली लिहिलं, "मनुष्यबळ नाही, घेतलं नाही," आणि सही केली. हात थरथरत होता. असं लिहायची आपल्याला सवयच नसते. उजाडल्यावर डॉक्टरांनी चार्ट चाळले आणि कुणाला काही न विचारता आधी त्या नऊ खाटांकडे गेले. तिसऱ्याच खाटेवरच्या मामांचं बीपी ८० वर आलेलं होतं.