मूठभर वाळू, आणि तीही दोनदा

श्रोतेहो, नमस्कार.

घोंगड्या, सुऱ्या, कुऱ्हाडी, कात्र्या, आरसे आणि पीठ. एवढ्याच्या मोबदल्यात सहा लाख एकर जमीन घेतली, असं सांगणारा एक माणूस ऑस्ट्रेलियात होऊन गेला. जॉन बॅटमन त्याचं नाव. साल 1835. आज जिथे मेलबर्न शहर आहे, तिथल्या आदिवासींच्या वडीलधाऱ्यांशी त्यानं करार केला. त्या वेळी त्यांनी मूठभर माती त्याच्या हातावर ठेवली, असं सांगतात. ही माती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

करार वसाहतीचे ब्रिटिश गव्हर्नर बर्क यांनी लगेच रद्द केला. आदिवासींची फसवणूक झाली म्हणून? छे! ही जमीन मुळात इंग्लंडच्या राजाची, मग आदिवासी ती विकणार कशी, हा त्यांचा मुद्दा. 1788 साली सिडनीत पहिली वसाहत झाली, तेव्हापासून कारभार याच समजुतीवर चालला होता. माणसं हजारो वर्षं नांदत होती, पण कायद्याच्या लेखी जमीन कुणाचीच नव्हती.

आता उत्तरेकडे जाऊ. नॉर्दर्न टेरिटरी, तिथलं वेव्ह हिल नावाचं गुरांचं अवाढव्य रान. ते वेस्टी या ब्रिटिश उमराव घराण्याच्या कंपनीकडे. गुरं राखणारे मात्र गुरिंजी आदिवासी, ज्यांची ती मूळ भूमी. मजुरी म्हणून पीठ, चहा, साखर, मांस आणि हातावर टेकवलेले थोडेसे पैसे. राहायला पत्र्याची खोपटं. गोऱ्या गुराख्यांइतका पगार द्यायचा निकाल मार्च 1966 मध्ये लागला खरा, पण अंमलबजावणी ढकलली डिसेंबर 1968 वर. 23 ऑगस्ट 1966 ला गुरिंजींचे म्होरके व्हिन्सेंट लिंगियारी यांच्यामागे सुमारे दोनशे माणसं, बायकापोरांसह, काम टाकून चालू लागली.

सगळ्यांना वाटलं, पगाराचा संप आहे. पुढच्या वर्षी ही मंडळी वॉटी क्रीक या ओढ्याकाठी मुक्कामाला गेली आणि खरी मागणी लेखी पुढे आली. पुन्हा सांगतो, मागणी नुसत्या पगाराची नव्हती. मागणी जमिनीची होती. खाली अंगठे उमटवून अर्ज गेला गव्हर्नर-जनरल लॉर्ड केसी यांच्याकडे. हेच केसी 1944 ते 1946 बंगालचे गव्हर्नर होते, गांधीजींशी त्यांच्या भेटीगाठी झालेल्या. परक्या राज्यकर्त्याकडे लोक आपला देश परत मागतात म्हणजे काय, हे त्यांनी कलकत्त्यात जवळून पाहिलं होतं. तरी अर्ज फेटाळला गेला. मोठ्या हुद्द्यावरची माणसं एका देशात शिकलेलं दुसऱ्या देशात नेत नाहीत, असं माझं जुनं मत आहे. असो.

गुरिंजी हलले नाहीत. शेवटी 1972 च्या डिसेंबरात गॉफ व्हिटलम यांचं सरकार आलं, वाटाघाटी झाल्या, आणि 16 ऑगस्ट 1975 ला खुद्द पंतप्रधान वॉटी क्रीकला आले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगायला बसलो, ती. नुसता कागद काय द्यायचा, असा प्रश्न होता. व्हिटलम यांचे सल्लागार नगेट कूम्ब्स यांना बॅटमनच्या हातावरची ती माती आठवली. तेव्हा आदिवासींनी गोऱ्या माणसाच्या हातावर माती ठेवली होती, आता गोऱ्या पंतप्रधानानं आदिवासीच्या हातावर ठेवायची! व्हिटलम यांना कल्पना पटली. समारंभ डहाळ्यांच्या मांडवात झाला. भाषण झालं, कागद दिला, माती दिली, टाळ्या पडल्या.

तिथे मर्व्हिन बिशप नावाचा छायाचित्रकार होता, स्वतः आदिवासी, पूर्वी सिडनीच्या वर्तमानपत्रात काम केलेला. त्याला मांडवाच्या सावलीतला तो फोटो काही पटेना. दुसरा कुणी गप्प बसला असता. यानं पंतप्रधानांना सांगितलं, जरा बाहेर उन्हात येता का, हेच पुन्हा एकदा करू. आणि व्हिटलम आले! सुटाबुटातला तो उंचापुरा गडी उन्हात उभा राहिला, खाली वाकून तांबडी वाळू उचलली गेली आणि पुन्हा एकदा लिंगियारींच्या उघड्या तळहातावर ओतली गेली. लिंगियारींच्या दुसऱ्या हातात तो कागद. मागे निळंभोर आभाळ, आणि वाळूची धार हवेतच पकडलेली. आज जगभर दिसतो तो फोटो हा, म्हणजे दुसऱ्या खेपेचा.

काही जण म्हणतात, मग तो फोटो खोटा. मला नाही वाटत. फोटोसाठी खड्ड्यात रोप धरून उभे राहणारे पुढारी आपण पाहतो. फोटो निघाला की रोपाला पाणी घालायलाही कुणी फिरकत नाही. इथे मागे नऊ वर्षांचा मुक्काम होता. आणि फोटोचं म्हणाल, तर प्रकाश बघून माणसाला हलवावं, एवढं साधं भान आता हातातल्या फोननं घालवलंय. लग्नातले फोटो बघा, निम्मे चेहरे काळे.

लिंगियारी त्या दिवशी थोडकंच बोलले, बहुतेक आपल्या भाषेत. आता आपण सगळे मित्र, असं त्यांचं म्हणणं.

पण हातातला तो कागद होता भाडेपट्ट्याचा. पुन्हा सांगतो, भाडेपट्टा. सुमारे 3,200 चौरस किलोमीटर जमीन मिळाली, पण आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारावर मालक म्हणून नाव लागलं नव्हतं. तीन महिन्यांत, 11 नोव्हेंबरला, व्हिटलम सरकार बडतर्फ झालं. नॉर्दर्न टेरिटरीतल्या आदिवासींच्या जमीनहक्कांचा कायदा त्यांच्या सरकारनं मांडला होता. तो 1976 मध्ये मंजूर केला पुढच्या, म्हणजे विरोधी पक्षाच्या फ्रेझर सरकारनं. वॉटी क्रीकची, आजच्या दागुरागूची, पूर्ण मालकी 1986 साली मिळाली. जमीन कुणाचीच नव्हती, ही जुनी समजूत सर्वोच्च पातळीवर मोडायला एडी माबो या बेटवासीयाच्या जमिनीच्या खटल्याचा 1992 चा निकाल यावा लागला.

आणि ज्या वेव्ह हिलवरून ही माणसं निघाली, त्या रानावरचा गुरिंजींचा पारंपरिक हक्क न्यायालयानं मान्य केला सप्टेंबर 2020 मध्ये. लिंगियारी तोवर हयात नव्हते, 1988 मध्येच गेले. गुरांच्या कंपनीचा पट्टा त्या रानावर तसाच चालू राहिला.

नमस्कार.