साडेपाच क्वार्टर

श्रोतेहो, राम राम. आज मला साखर-मिठाच्या पाण्यावर बोलायचं आहे. हसू नका. नर्स म्हणून नोकरीची सगळी वर्षं सातपुड्याच्या पायथ्याला आणि डोंगरात काढली. तिथं सगळ्यात जास्त माणसं मी या पाण्यानं उठून बसलेली पाहिली.

१९७१ साली बांगलादेशचं युद्ध पेटलं. जवळपास एक कोटी माणसं सरहद्द ओलांडून आपल्याकडे आली. पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या छावणीत कॉलरा सुटला. माणसं जमिनीवर पडलेली आणि सलाइन संपत आलेलं. तिथं डॉ. दिलीप महालनबीस होते. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवला, नळ लावलेल्या पिंपात भरला आणि नातेवाइकांनाच सांगितलं, तुम्ही पाजा. १०० रोग्यांमागे ३० च्या आसपास दगावत होते, ते ४ च्याही खाली आले. युद्ध चालू असताना एका गुप्त बांगला रेडिओ केंद्रावरूनही हे पाणी कसं करायचं ते सांगितलं गेलं. मी रेडिओवर बोलायला लगेच हो म्हणते, त्याचं हेच कारण. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं २०२३ साली, ते गेल्यानंतर. आपल्याकडे असंच.

आणि आमच्याकडे? चोपडा असो की शहादा, दोन जुलाब झाले की लोक हात पुढे करतात, "सिस्टर, बाटली लावा." सुई टोचली की औषध झालं, अशी समजूत. तोंडानं गिळता येतंय तर तोंडानंच घ्या ना! आतड्यात साखर मिठाला हात धरून आत नेते, मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्यातसुद्धा हे दार उघडंच असतं.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती.

नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. जूनचा शेवट. धडगावच्या पलीकडे एका पाड्यावर मी लसीकरणाला गेले आणि मागे नाल्याला पूर आला. त्याच रात्री पाड्यात हगवण लागली. सकाळपर्यंत अकरा जण आडवे. सलाइन सगळं नाल्याच्या त्या बाजूला, दवाखान्यात. माझ्या पिशवीत ओआरएसच्या, म्हणजे याच साखर-मिठाच्या पाण्याच्या, पुड्या. पुडीवर लिहिलेलं, एक लिटर पाण्यात. पाडाभर फिरले, लिटरचं माप कुठं नाही! मडकी आहेत, भोपळे आहेत, पातेली आहेत. अंदाजानं घालू म्हणाल तर पाणी कमी पडलं की ते खारट होतं, आणि खारट पाणी लहान पोराच्या जिवावर उठतं.

तेवढ्यात एक म्हातारा लाजत लाजत घरात गेला आणि छपरात खोचलेली क्वार्टर, म्हणजे दारूची छोटी बाटली, काढून आणली. रिकामी. तिच्यावर छापलेलं, १८० मिली. मी बोटांवर हिशेब केला. पाच क्वार्टर म्हणजे ९००, वर अर्धी म्हणजे ९९०. लिटर झाला! बाटली उकळत्या पाण्यानं विसळली, अर्ध्यावर दोरा बांधला. साडेपाच क्वार्टर उकळून गार केलेलं पाणी, एक पुडी. साडेपाच क्वार्टर, एक पुडी. दारूचा एवढा चांगला उपयोग मी परत पाहिला नाही, आणि दारूबंदीवरची माझी मतं सांगायला लागले तर तुमच्या बातम्या चुकतील.

त्या म्हाताऱ्याचाच नातू सगळ्यात वाईट. दीड वर्षाचा. दंड माझ्या दोन बोटांच्या कड्यात मावत होता, डोळे खोल, रडायला पाणी नाही. आजी मला जवळ येऊ देईना. म्हणाली, "बाई, पाण्यानंच पोर रिकामं झालं आणि तू पाणीच पाजतेस?" बरोबरच होतं तिचं! मी वाद घातला नाही. तिच्या हातात चमचा दिला. एक चमचा, थोडं थांब, एक चमचा. ओकला तर दहा मिनिटं थांब, मग पुन्हा चमचा. रात्रभर ती बसली. मी दहा घरं फिरत होते. पहाटे तिची आरोळी आली आणि माझ्या पोटात गोळा उठला. पळत गेले, तर ती मांडीवरचं ओलं लुगडं दाखवत हसत होती. पोर मुतलं होतं!

पूर ओसरल्यावर त्याला बांबूच्या झोळीतून खाली नेलं, कारण अशा वाळलेल्या पोराचं नुसत्या पाण्यानं भागत नाही.

आता पटपट सांगते. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सहा आणि अर्धा. चमचा चहाचा, ५ मिलीचा. हल्ली लग्नात आहेर मिळतात ते चमचे मापाचे राहिलेच नाहीत, काही नुसते शोभेचे. अंगावरचं दूध बंद करू नका. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब थांबले तरी चौदा दिवस. आणि पोराचं कुपोषण ओळखायला दंडाला गुंडाळतात ती पट्टी लाल दाखवत असेल, म्हणजे ११.५ सेंटिमीटरच्या खाली, तर घरी थांबू नका, वाटेत चमच्यानं पाजत दवाखाना गाठा. कुपोषण म्हटलं की सगळे डोंगराकडे बोट दाखवतात. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या पोरांचे दंड कोण मोजतं, ते मला एकदा विचारायचंच आहे.

दिवाळीच्या आधी मी त्या पाड्यावर पुन्हा गेले. क्वार्टर कुडाच्या भिंतीला टांगलेली होती, दोरा तसाच. म्हातारा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, हिला सांगा ना. त्या बाटलीला मला हात लावू देत नाही."