मंगळावरची धूळ

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबर १९७१. मरिनर ९ हे यान मंगळाभोवती फिरू लागलं. खाली दिसलं काय? नुसती धूळ! अख्खा ग्रह वादळाखाली झाकलेला. त्या दिवसांत वॉशिंग्टन शहरात ऐंशी वर्षांच्या एक बाई अंतराळाच्या बातम्या कान देऊन ऐकत असत. संधिवातानं हात धरलेले, तरी १९७२ मध्ये त्यांनी ‘मार्स डस्ट’ रंगवलं. तांबड्या रंगाचे फटकारे शेजारीशेजारी, आणि फटींतून डोकावणारा निळा. यान नाही, ग्रहाचा गोल नाही, तरी ती धूळ डोळ्यांसमोर उडते.

या अल्मा थॉमस. जन्म १८९१ चा, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस शहरातला. तिथे कृष्णवर्णीय मुलांना संग्रहालयात पाऊल टाकता येत नव्हतं. १९०७ मध्ये कुटुंब वॉशिंग्टनला आलं. पुढे पस्तीस वर्षं त्या शाळेत चित्रकला शिकवत राहिल्या. ज्या चित्रांनी त्यांचं नाव झालं, ती निवृत्तीनंतरची.

त्यांनी फ्रेंच चित्रकार मातीसची, रंगीत कागद कापून केलेली चित्रं डोळे भरून पाहिली होती. पण त्यांचा खरा गुरू, मला वाटतं, खिडकीबाहेरचं हॉलीचं झाड. वाऱ्यानं पानं हलायची, मधून उजेड फुटायचा. मंगळाच्या चित्रातल्या फटी या पानांमधल्याच! घोडागाडीच्या काळात जन्मलेल्या या बाईंनी चंद्रावरचा माणूस पाहिला, आणि आकाश रंगवताना अंगणातलेच रंग घेतले.

ज्यांचा भूतकाळ गुलामगिरीनं तोडला, त्यांनी भविष्यावर आपला हक्क सांगणं, हा ‘आफ्रोफ्युचरिझम’ या कलाविचाराचा गाभा. हा शब्द आला १९९३ मध्ये, अल्माबाई गेल्या १९७८ मध्ये. त्यांनी स्वतःला असं काही म्हणवलं नाही. माणसाच्या क्रौर्यापेक्षा सौंदर्यावर लक्ष द्यायचं, असं त्या सांगत. काहींना ही पळवाट वाटते. मला नाही वाटत. जिला संग्रहालयाचं दार बंद होतं, तिनं थेट मंगळ आपल्या रंगात रंगवावा, याहून मोठा दावा कोणता?

१९७२ मध्येच न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचं एकल प्रदर्शन भरलं. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी स्त्री.

‘स्टारी नाइट अँड द अॅस्ट्रोनॉट्स’ हे त्यांचं चित्र जरूर शोधून पाहा. सगळीकडे निळंच निळं. आणि वर, उजव्या बाजूला, लाल-केशरी-पिवळा एवढासा तुकडा, निघालेला.